दोरकाम

दिल्लीत जहाजं कोण घेतं, हा प्रश्न मला गावाकडे हमखास विचारला जातो. घेणारे पुष्कळ आहेत. सरकारी इमारतींचे दर्शनी भाग, मोठ्या साहेबांच्या दालनांतली काचेची कपाटं, परदेशी पाहुण्यांना द्यायच्या भेटी, गुरुग्रामच्या कंपन्यांच्या लॉब्या, शाळांची प्रदर्शनं आणि जानेवारीतले चित्ररथ. मुंबईच्या माणसाला जहाज बघायचं तर तो भाऊच्या धक्क्यावर जातो. दिल्लीच्या माणसाला ते काचेच्या पेटीतच बघावं लागतं. त्यातली काही जहाजं नोएडातल्या आमच्या कारखान्यात बनतात.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, सहारनपूरचे कारागीर, एक लेझर कटिंगचं मशीन आणि कागदपत्रं सांभाळायला मी. मी विजयदुर्गच्या खाडीकाठची. शिल्पकला शिकले, प्रदर्शनांची कामं करत करत इकडे आले आणि प्रतिकृतींच्या धंद्यात पडले. कारागिरांचे उस्ताद लाकडातले. कीर्तीनगरच्या बाजारात फळी नुसती ठोकून ते सांगतात, ही पावसाळ्यात फाकणार. जहाजाचं अंग त्यांच्या हातून असं उतरतं की मला बोट लावायची गरज पडत नाही. खरा प्रश्न अंग तयार झाल्यावर सुरू होतो. डोलकाठ्या उभ्या राहतात, शिडं चढतात, गिऱ्हाईक फोटो बघून खूश होतं, 'बस, अब भेज दीजिए' म्हणतं. आणि दोऱ्यांचं काम अजून व्हायचंच असतं.

शीड दिसतं, दोरी दिसत नाही. चित्रकारसुद्धा शिडं मन लावून काढतात आणि दोऱ्या चार रेघांत उरकतात. इंटरनेटवर महाराजांच्या आरमाराची जी चित्रं फिरतात त्यांत तर युरोपातलं तीन डोलांचं जहाज उचलून त्यावर भगवा लावलेला असतो. 2022 च्या सप्टेंबरात नौदलाच्या ध्वजावर शिवमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, 2023 चा नौदल दिन सिंधुदुर्गात झाला, तेव्हापासून आमच्याकडे मराठा आरमाराची जहाजं मागणारे वाढले. आणि प्रत्येक जण मोबाइलवर तेच चित्र दाखवतो. हेच हवं, म्हणतो. मग मी बसवून चहा देते आणि वाऱ्यापासून सुरुवात करते.

जहाजावरची दोरी दोन जातींची. एक डोलकाठी जागेवर धरून ठेवणारी. ती एकदा ताणून बांधली की सहसा हलत नाही. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी डोलाला आवळून धरते. दुसरी शीड हलवणारी. ही कप्पीतून धावते, रोज हाताळली जाते, झिजते, बदलावी लागते. प्रतिकृतीत पहिल्या जातीची दोरी काळपट आणि जाड करायची, दुसरीची फिकट आणि बारीक. खऱ्या जहाजांवर कायमच्या दोऱ्यांना डांबर चोपडत, हातातल्या दोऱ्यांना नाही. रंगातला फरक तिथून आलेला. एवढं एक पाळलं तरी जहाज निम्मं खरं दिसू लागतं.

आता चौकोनी शीड घ्या. आडव्या परबाणाला, म्हणजे शीड टांगायच्या लाकडाला, वरची कड बांधलेली, खालचे दोन कोपरे मोकळे. परबाण वर ओढायला एक दोरी. त्याची दोन टोकं पेलून धरायला दोन. तीच टोकं वाऱ्याप्रमाणे पुढेमागे फिरवायला आणखी दोन. शिडाचे खालचे कोपरे ताणायला दोन, ते वर गुंडाळून घ्यायला दोन, शिवाय मधला फुगारा आवळायच्या वेगळ्या. एका शिडाला दहाबारा दोऱ्या सहज होतात, आणि अशी शिडं एका डोलावर तीनचार असतात. गोवा शिपयार्डात बांधलेली आपल्या नौदलाची दोन प्रशिक्षण जहाजं, 1997 ची तरंगिणी आणि 2012 ची सुदर्शिनी, दोन्ही याच वळणाची आहेत. तीन डोल, पुढच्या दोहोंवर चौकोनी शिडं, मागच्यावर जहाजाच्या लांबीच्या रोखाने लागणारं शीड. जहाज उणंपुरं 54 मीटर लांब. सुदर्शिनीवर शिडं 20 आणि दोरी साडेसात किलोमीटर, शिवाय दीड किलोमीटर पोलादी तार. हा आकडा मी कोटेशन देताना मुद्दाम सांगते. समोरचा मान डोलावतो आणि रक्कम कमी करायला सांगतो.

कोकणातल्या गलबताचं शीड अगदी वेगळं. एकच लांबलचक परबाण, डोलावर तिरकं टांगलेलं. पुढचं टोक नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या तोंडाशी, खाली, मागचं आकाशात. शीड तिकोनी, किंवा पुढचा कोपरा छाटलेला असला तर नावाला चौकोनी. दोऱ्या मोजक्या: परबाण चढवायची एक जाडजूड, शिडाचा मागचा कोपरा ताणून धरणारी दामण, पुढचं टोक आवळणारी एक, वरचं टोक सावरणाऱ्या एकदोन. दोऱ्या कमी म्हणून माणसं कमी लागत असतील असं वाटतं, पण तसं नाही. ते परबाण डोलापेक्षाही लांब असू शकतं आणि ओल्या शिडासकट ते वर चढवायला सगळा तांडा एका दोरीला लागतो.

अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या जहाजांचं वर्णन लिहून ठेवलंय, ते माझ्या फार कामी आलं. तो सांगतो की गुराबांना, म्हणजे मोठ्या जहाजांना, बहुधा दोन डोल, क्वचित तीन; अंग लांबीच्या मानाने रुंद, आणि तोंडाशी भूमध्य समुद्रातल्या गॅलींसारखी पुढे आलेली चोच. गलबतं लहान, मोठ्यात मोठं सत्तर टनांच्या आसपास, दोन डोलांची. मागचा डोल किरकोळ. पुढच्यावर एकच भलंमोठं तिकोनी शीड, जे चढवल्यावर त्याचं टोक डोलाच्याही बरंच वर जाई. शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. हा मोजमाप करणारा माणूस आहे, म्हणून मी त्याच्यावर विसंबते. त्याच्या या एका तपशिलावर, डोलाच्या वर गेलेल्या टोकावर, माझं सगळं जहाज उभं राहिलं.

लढाईची रीतही त्याने सांगितलीय आणि ती वाचल्यावर दोऱ्यांकडे बघायची माझी नजर बदलली. वारा पडला की गलबतं वल्हवत गुराबांना ओढून नेत. गुराबा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाच्या मागच्या अंगाला जाऊन तोफा डागत, आणि नेम धरत तो डोलांवर आणि दोऱ्यांवर. मागून का, ते शिडांत आहे. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडाकडे फारसं वळू शकत नाही. वाऱ्यापासून साठ-सत्तर अंश तिरकं राहूनच त्याला चालावं लागतं. त्याच्या तोफखान्याची बहुतेक ताकद दोन्ही कुशींना. मागे चिकटलेल्या शत्रूवर कूस वळवायला त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात दोऱ्या तुटत जातात. दोरी तुटली की परबाण लोंबतं, परबाण गेलं की शीड गेलं, मग ते तरंगतं गोदाम. 1735 साली संभाजी आंग्र्यांनी कंपनीचं डर्बी हे जहाज पकडलं ते असंच डोल पाडून. पुढे 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळालं. एका जहाजाला लागलेली आग एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबांवर पसरत गेली. आमच्या घराच्या पडवीतून तो खाडीचा कोपरा दिसतो. लहानपणी तिथे आम्ही तिसऱ्या काढायला जायचो.

हे सगळं मी उस्तादांना सांगते तेव्हा ते ऐकतात आणि शेवटी विचारतात, 'मैडम, पर ये डंडा टेढ़ा क्यों है?' डंडा म्हणजे डोल. कोकणी गलबताचा डोल पुढे झुकलेला असतो. दिल्लीत तो कुणालाच बरोबर वाटत नाही. एकदा पॅकिंगवाल्या पोराने मोठ्या आपुलकीने तो सरळ करायचा प्रयत्न केला होता. गिऱ्हाइकाचाही फोन येतो, 'थोड़ा झुक गया है शायद.' शेवटी मी पेटीच्या आत एक छोटं चित्रच चिकटवायला लागले: डोल असाच असतो.

तो असा का असतो हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझे एक चुलतकाका, वडिलांच्या चुलतभावांपैकी, तरुणपणी शिडाच्या गलबतावर खलाशी होते. मंगळुरी कौलं भरून किनाऱ्याकिनाऱ्याने वर यायचे. इंजिनं आली, मग कौलांची वाहतूक रस्त्याने होऊ लागली, आणि ते काम संपलं. आता त्यांना ऐकू कमी येतं. पण व्हिडिओ कॉल त्यांना भारी आवडतो. पहिल्या गलबताचं अर्धवट काम मी त्यांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी शीड पाहिलं, डोल पाहिला, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'वारो खंयसून येता, ता आधी सांग गो.'

मी वारा ठरवलाच नव्हता, कारण तोवर कुणी विचारलंच नव्हतं. काकांचं म्हणणं, वारा ठरल्याशिवाय एकही दोरी बांधता येणार नाही. वारा डावीकडून असेल तर परबाण डोलाच्या उजव्या अंगाला, डोलापासून मोकळं. उजवीकडून असेल तर डाव्या. दिशा बदलायची तर? इथे काकांनी मोबाइल नातवाच्या हातात दिला आणि उठून उभे राहिले. जहाज वाऱ्याच्या तोंडाकडे नेऊन वळवायचं नाही, पाठ फिरवून वळवायचं. वारा पाठीशी आला की दामण सोडायची. परबाणाचं खालचं टोक डोलाच्या बुंध्याशी ओढत आणायचं, म्हणजे ते लांबलचक लाकूड डोलाला चिकटून जवळजवळ उभं होतं. मग सगळं शीडच डोलाच्या पुढून पलीकडे न्यायचं. शिडाचा मोकळा कोपरा धरून एक जण पुढून धावत जातो, बाकीचे परबाण लोटतात. डोल पुढे झुकलेला असतो तो यासाठी. त्यामुळे परबाण डोलापासून लांब टांगलं जातं आणि पुढून फिरायला जागा मिळते. पडवीत उभं राहून, हातात झाडू उभा धरून त्यांनी हे दाखवलं. काकू मागून ओरडत होत्या की झाडू उभा धरू नको.

आमच्या कारखान्यात शीड लागतं ते आता असंच. आधी मी टेबलावर खडूने बाण काढते: वारा. मग काम सुरू.

परबाणही मी त्यांच्याच सांगण्यावरून जोडाचं करते. एवढं लांब सरळ लाकूड मिळत नसे, म्हणून दोन तुकडे मधोमध एकमेकांवर चढवून दोरीने घट्ट आवळत. 48 पट लहान प्रतिकृतीत तो जोड करंगळीच्या नखाएवढा दिसतो. पण हळदूच्या दोन काड्या तासून, एकीवर एक ठेवून, मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे एकाशेजारी एक बसवताना जीव मेटाकुटीला येतो. एक वेढा दुसऱ्यावर चढला की सगळं उलगडा. उस्ताद म्हणाले, एकाच तुकड्याची काडी घेऊन वर दोरा गुंडाळू, कुणाला कळणार? कळणार कुणालाच नाही हे मलाही माहीत होतं. तरी दोन तुकडेच घेतले. त्यांनीच शेवटी घरून चिमटा आणला आणि ते वेढे माझ्यापेक्षा चांगले घालू लागले.

दोरीसुद्धा आम्हीच वळतो. बाजारात मिळणारा दोरा जहाजावर दोरीसारखा दिसत नाही, दोऱ्यासारखाच दिसतो. सदर बाजारातून सुती दोरा आणायचा, त्याचे तीन पदर आकड्यांना लावायचे; एका बाजूला ड्रिल मशीन, दुसऱ्या बाजूला लोंबतं वजन. तिन्ही पदर एका दिशेने पिळले की उलट्या दिशेने ते आपोआप एकमेकांत गुंफतात. दोरीची लांबी पिळताना कमी होत जाते आणि वजन हळूहळू वर चढतं; ते थांबलं की दोरी झाली. मग ती मधमाशीच्या मेणावरून ओढायची, मेणबत्तीच्या ज्योतीवरून झटकन फिरवायची म्हणजे बारीक तूस जळून जातं. हात थबकला तर दोरीही जळते. दोऱ्या बांधायच्या पितळी खुंट्या चावडी बाजारातून. शिडाला बारीक मलमल, चहाच्या पाण्यात बुडवलेली. खरं शीड अरुंद पट्ट्या जोडून शिवलेलं असतं, म्हणून तेवढ्या अंतरावर टाके घालून पट्ट्या दाखवायच्या. हे काम आमच्याकडे शेजारच्या बुटीकमधली एक शिलाईवाली करते. तिला वाटतं मी बाहुल्यांचे लेहंगे शिवते.

दिल्लीची हवा आणि सुती दोरी यांचं जमत नाही. मे-जूनच्या लू मध्ये दोरी सुकून सैल पडते. मग कारखान्यातल्या एखाद्या नवख्याला वाटतं, ताणून घ्यावी. ताणली की पहिल्या पावसात दमट हवा आत शिरते, दोरी आखडते आणि डोल वाकतो. खऱ्या जहाजावरही पाऊस आला की दोऱ्या सैल कराव्या लागत, नाही तर लाकूड मोडे. एसीच्या खोलीतल्या पेटीतही हा खेळ चालतो, कारण एसी रात्री बंद होतो. आम्ही कायमच्या दोऱ्यांच्या आत आता पॉलिएस्टरचा एक पदर घालतो. ही लबाडी आहे, पण डोल वाचतो.

जलवायू विहार ही नोएडातली नौदल आणि हवाई दलातल्या निवृत्तांची वसाहत आमच्यापासून फार लांब नाही. तिथले एक कमांडर, पुण्याचे, आमच्याकडे येऊन बसतात. नोकरीत असताना त्यांचा बराच काळ तरंगिणीवर गेला. ते आले की कारखान्यातलं सगळं काम थांबतं. त्यांची परीक्षा घ्यायची पद्धत अशी: चष्मा कपाळावर चढवायचा, एक दोरी बोटाच्या टोकाने हलकेच दाबायची आणि विचारायचं, 'ही कुठून निघाली? कुठे बांधली?' बोट त्या दोरीवरून चालत जातं, कप्पीतून वळतं, दुसऱ्या कप्पीतून खाली येतं आणि कठड्याच्या खुंटीशी थांबतं. थांबलं तर बरं. हवेत संपलं तर ते बोट काढून घेतात आणि मुलीच्या लग्नाचं काहीतरी बोलायला लागतात. ती नापसंती.

तरंगिणीवर परबाणावर चढून शीड गुंडाळायचं कसं, ते त्यांनी एकदा सांगितलं. परबाणाच्या खाली एक दोरी लोंबती बांधलेली असते, तिच्यावर पाय ठेवायचे, पोट लाकडावर टेकवायचं आणि दोन्ही हातांनी शीड ओढत घ्यायचं. त्या दोरीवर शेजारी नवा माणूस आला की त्याच्या वजनाने त्याची बाजू खाली जाते आणि तुमची वर उसळते. म्हणून पाय ठेवण्याआधी ओरडून सांगायचं. न सांगता पाय ठेवणाऱ्याला जहाजावर कुणी विसरत नाही. अंधारात दोरी ओळखायची कशी, विचारलं तर म्हणाले, ओळखायची नसते, ती जिथे असते तिथेच असते. प्रत्येक दोरीची खुंटी ठरलेली. डोळे बांधून खुंटी शोधायला लावतात नवीन मुलांना. आमच्या प्रतिकृतीतल्या खुंट्या मोजून ते म्हणाले, 'या चार जास्त आहेत. जास्त खुंटी म्हणजे रात्री चुकीची दोरी सुटणार.' चार खुंट्या काढल्या.

कमांडरांचं आणि काकांचं मी फोनवर बोलणं करून दिलं होतं. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला मालवणी कळत नाही. तरी बराच वेळ बोलले. नंतर कमांडर म्हणाले, 'त्यांच्या जहाजावर एकही दोरी फुकटची नाहीये. आमच्याकडे शिकवायला म्हणून ठेवलेल्यासुद्धा आहेत.' तरंगिणीसारखी जहाजं आजच्या घडीला कुठे लवकर पोचावं म्हणून बांधत नाहीत, पोरांना वारा आणि दोरी शिकवायला बांधतात, हे त्यांनी हसतच सांगितलं. शर्यतीची किंवा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची बोट आणखी तिसऱ्याच तऱ्हेची. गोव्यात बांधलेल्या म्हादेईवर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने जग फिरून आले, अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता. त्या बोटीला एक डोल, मागे उंच तिकोनी शीड, पुढे आणखी एक. सगळ्या दोऱ्या सुकाणवाल्याच्या हाताशी आणलेल्या. एकट्या माणसाला डोलापुढून धावायला फुरसत कुठली?

मोठ्यात मोठं भांडण मात्र दोरीवरून होत नाही, झेंड्यावरून होतं. शिडं पुढे फुगलेली असतात, म्हणजे वारा मागून येतोय. मग झेंडाही पुढेच उडणार. प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं, झेंडा मागे उडवा, जहाज पुढे जातंय ना. मोटरगाडीच्या बॉनेटवरचा झेंडा मागे उडतो म्हणून त्यांना तसं वाटतं. वारा पाठीवर असतो तेव्हा शिडाचं जहाज वाऱ्याच्या पुढे धावू शकत नाही. वाराच त्याला ढकलतो, झेंड्यालाही ढकलतो. मी पंखा लावून दाखवते. काही ऐकतात. एका साहेबांनी ऐकून घेतलं, कौतुक केलं आणि म्हणाले, 'आप बिलकुल सही कह रही हैं, लेकिन पीछे ही रखिए.' त्या जहाजाचा वारा मी बाजूने आणला. झेंडा तिरका मागे, शीड तिरकं बाहेर, दोघंही खरं बोलणारे. त्यासाठी परबाण, दामण, सगळं पुन्हा बांधलं. पैसे तेवढेच.

चित्ररथावर तर वारा ट्रॅक्टरच ठरवतो. शिवाय उंचीची मर्यादा. मी ज्या आराखड्यावर काम केलं त्यात जमिनीपासून 16 फूट हीच कमाल उंची होती, आणि त्यातले चार फूट ट्रेलरच खातो. उरलेल्या बारा फुटांत डोलाच्याही वर जाणारं परबाण कसं दाखवणार? इतर लोक डोल बुटका करतात. मग जहाज तव्यासारखं दिसतं. आम्ही परबाण अर्ध्यावरच ठेवलं. शीड अजून चढतंय, सुरकुतलेलं आहे, आणि फायबरचे सात-आठ खलाशी एका दोरीला लोंबून ते ओढताहेत. बारा फुटांत बसलं, आणि जहाजावर माणसं कशाला असतात तेही दिसलं. नंतर तीच मांडणी आम्ही एका प्रदर्शनात पेटीतही केली. मुलं शिडापेक्षा दोरी ओढणाऱ्यांपाशी जास्त वेळ थांबतात.

2026 च्या जानेवारीपासून सगळ्यांना नौदलाचं कौंडिण्य हवंय. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातलं एका जहाजाचं चित्र आहे. उंच अरुंद शिडं, मागे रांजणांची ओळ. त्यावरून खरं, समुद्रात जाणारं जहाज बांधायचं ठरलं, तेच कौंडिण्य. 2023 च्या जुलैत संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांचा करार झाला. केरळचे बाबू शंकरन यांच्या हाताखाली कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून ते उभं केलं, खिळे न ठोकता. 21 मे 2025 ला कारवारला ते नौदलात आलं, 29 डिसेंबरला पोरबंदरहून निघालं आणि 14 जानेवारी 2026 ला मस्कतला पोचलं. त्या दिवसांत ईशान्येचा वारा असतो, पश्चिमेला जाणाऱ्या जहाजाच्या तिरका पाठीमागून येतो. चौकोनी शिडाला याहून चांगला वारा नाही.

बातमी वाचून मी उस्तादांना फोटो दाखवले. 'कील नहीं है? एक भी नहीं?' असं तीनदा विचारून त्यांनी फळ्यांवरच्या टाक्यांना बोट लावलं. इथे तर अंगच दोरीचं. लेण्यातल्या चित्रकाराने शिडं दाखवली, दोऱ्या कशा जायच्या ते नाही दाखवलं. ते बांधणाऱ्यांना नव्याने जुळवावं लागलं, मद्रास आयआयटीत प्रतिकृतीवर चाचण्या घ्याव्या लागल्या. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही चित्रकार चित्रकारच होता. आमच्या प्रतिकृतीत काथ्या चालत नाही, फार जाड दिसतो; अंबाडीचा एकेक तंतू सोडवून घ्यावा लागतो. एका फळीचे टाके घालायला लागणारा वेळ बघून उस्तादांचा मुलगा कामाला येईनासा झालाय.

आणि कोटेशन. लाकूड, पितळ, कापड, काच, वाहतूक, प्रत्येकाची वेगळी ओळ असते. दोऱ्यांना जो वेळ जातो तो बाकी सगळ्याहून जास्त, पण त्याची ओळ कुठेच नसते. तो 'अन्य साहित्य' मध्ये जातो. यंदापासून मी 'दोरकाम' अशी वेगळी ओळ घालायला लागले आणि रक्कमही खरी लिहायला लागले. गिऱ्हाईक पहिली काट तिलाच मारतं. मारू दे. काट मारली की मी दुसरा पर्याय पाठवते: पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढलेलं गलबत. डोल उतरवून आडवा ठेवलेला, शीड नाही, परबाण नाही, वरून झापांनी शाकारलेलं. कोकणात गलबतं वर्षाचे चार महिने अशीच असायची, त्यामुळे इतिहासाच्या दृष्टीने त्यात एक चूक काढता येणार नाही, आणि किंमत निम्मी. त्याचा फोटोही जोडते. अजून कुणी ते घेतलेलं नाही. दोघांनी मात्र दोरकामाची ओळ परत जागेवर घातली.